पन्नासपैकी एकोणीस

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मी देवळीच्या भर रस्त्यातून धावलो. पायांत चपला होत्या, हातात वही होती, आणि ओट्यावर बसलेल्या एका बाईने दुसरीला विचारलेले मला स्पष्ट ऐकू आले, "अवं, हे काका कोनाच्या मागं लागले?" मी थांबलो नाही. गेल्या पन्नास वर्षांत मी कोणत्याही कारणासाठी धावलो नव्हतो. धावावे लागणे हे कामाची आखणी चुकल्याचे लक्षण आहे, असे मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो. त्या दिवशीची चूक माझ्याच आखणीतली होती. पण ते क्रमाने सांगितले पाहिजे.

वर्ध्यालगतच्या बोरगाव मेघेच्या कडेला आमचे एक लहान प्रशिक्षण केंद्र आहे. मिशनच्या कामासाठी सेवक आणि सेविका आम्ही तेथे तयार करतो. वर्षाला सहा जण, त्यापेक्षा जास्त नाहीत. काम साधे आहे. गावात जायचे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी जायचे, त्याचे अंग पुसायचे, कूस बदलायची, जखम धुवायची, रक्तदाब आणि साखर मोजायची, घरच्यांना ते सारे शिकवायचे. घर कोणत्या धर्माचे, हे विचारायचे नाही. घरच्यांनी मागितली तरच प्रार्थना; न मागता केलेली प्रार्थना मनातल्या मनात करायची. हे नियम मीच घातले आणि ते आजही बरोबर आहेत असे माझे मत आहे.

शिकवणारे आम्ही दोघे. सकाळचा वर्ग माझा: शास्त्रवाचन, उपासना, शील. दुपारचा वर्ग सिस्टरांचा. त्या निवृत्त परिचारिका आहेत, सिंदी मेघेत राहतात आणि पासष्टाव्या वर्षीही स्कूटीवरून येतात. त्यांचा विषय हात. आमचा वाद पहिल्या वर्षापासून चालू आहे आणि तो दरवर्षी त्याच शब्दांत होतो.

"तुमच्या शीलानं जखम धुता येते का, सर?"

"आणि बेभरवशाच्या हाती जखम देणार कोण, सिस्टर?"

"पहिले धुवा. मंग भरवसा."

गुण दोघांनी द्यायचे. शीलाला पन्नास, हाताला पन्नास. दोन्हींपैकी एकातही पंचविसाच्या खाली गेलेल्या माणसाला नेमणूक नाही. सिस्टर आपले गुण फळ्यावर लिहीत, सर्वांसमोर, कारणासह. मी माझे एका वहीत लिहीत असे आणि ती वही कोणाला दाखवीत नसे. शील हे न सांगता पाहायचे असते, असे माझे म्हणणे होते.

त्यासाठी माझी एक रीत होती. रविवारी उपासनेनंतर सगळ्यांचे एकत्र जेवण असते. त्या दिवशी भाताचा मोठा गंज हमखास बुडाला लागतो. इतर सर्व भांड्यांच्या पाळ्या लावलेल्या होत्या. त्या एका गंजाची पाळी मी मुद्दाम कोणालाच दिली नव्हती. तो मागच्या नळाशी तसाच पडून राही. मी माझ्या खोलीच्या खिडकीतून पाही. जो कोणी न सांगता बसून तो गंज घासे, त्याचे नाव वहीत जाई. माझ्या मते माणूस ओळखण्याची यापेक्षा नेमकी परीक्षा नव्हती. एवढ्या वर्षांत मी ती कोणालाही सांगितली नाही. सिस्टरांनाही नाही.

शेवटच्या आठवड्याची मी वर्षभर वाट पाहतो. तो आठवडा प्रत्यक्ष परीक्षेचा. विद्यार्थी खऱ्या घरांत, खऱ्या रुग्णांकडे जातात आणि मी सोबत जातो. मला पहाटे चारलाच जाग येते. मी पेन्सिली टोकदार करतो, बसच्या वेळा पुन्हा पुन्हा पाहतो, धुतलेला सदरा पुन्हा धुतो. चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. पण सिस्टर ओळखतात. "परीक्षा त्यांची हाये का तुमची?" असे दरवर्षी विचारतात.

या वर्षी उत्सुकता अधिक होती, कारण देवळीला दोन खोल्यांचे नवे सेवाकेंद्र उघडायचे होते. जागा एकच होती आणि तिला एकच मुख्य सेवक हवा होता. उरलेल्या चौघांच्या नेमणुका इतरत्र ठरलेल्या होत्या. देवळीसाठी दोघे राहिले.

एक बत्तीस वर्षांची बाई. देवळीजवळच्याच गावची, जिनिंगमध्ये कापसाच्या ढिगावर काम केलेली. तिची आई आठ महिने अंथरुणावर होती. कूस कशी बदलायची, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते आणि कोणी सांगायलाही आले नाही. आईची पाठ शेवटी कशी झाली होती, ते तिने प्रवेशाच्या मुलाखतीत दोन वाक्यांत सांगितले आणि म्हणाली, "मले देवळीतच काम पाहिजे. दुसरीकडं नको." नेमणूक मिळाली नाही तर ती जिनिंगवर परत जाणार होती. सिस्टरांनी तिला पन्नासपैकी सत्तेचाळीस दिले होते आणि उरलेले तीन केवळ शिस्त म्हणून राखले होते.

माझ्या वहीत तिला एकोणीस होते. ती सकाळच्या उपासनेला उशिरा येई. ती उलट बोले. "हे असं काऊन?" हा तिचा आवडता प्रश्न. आणि वर्षभरात, एकाही रविवारी, तिने त्या गंजाला हात लावला नव्हता. त्याच्या बाजूने जाऊन ती हात धुई आणि निघून जाई.

दुसरा एक पुरुष, तिशीच्या आतला, सौम्य, मान खाली घालून बोलणारा. माझ्या हिशेबी तो आदर्श सेवक होता. गंज बहुतेक रविवारी तोच घाशी. त्याला मी सेहेचाळीस दिले होते. सिस्टरांनी सत्तावीस दिले आणि सांगितले, "मन चांगलं हाये. हात घाबरते." मी म्हणालो, हात शिकवता येतात. त्या म्हणाल्या, "मग शिकू द्या ना. पास काऊन करून राह्यले?"

बुधवारी सकाळी आम्ही तिघे देवळीच्या बसमध्ये बसलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. सिस्टर वर्ध्यातच थांबल्या होत्या. बाई खिडकीजवळ बसून बाहेर पाहत होती. पुरुष मांडीवर निळी पिशवी धरून होता; तिच्यात रक्तदाबाचे यंत्र, साखर मोजण्याचे यंत्र आणि त्याच्या पट्ट्यांची डबी. परीक्षेसाठी दोघांत पिशवी एकच होती. बाई वळून त्याला म्हणाली, "भाऊ, इतकी दाबून नको धरू. पळून नाई जात थे." तो हसला. मी वहीत काहीच लिहिले नाही. पण मला ते हसणे आवडले होते, हे आठवते.

आखणी अशी होती: पहिल्या घरी तो एकटाच; दुसऱ्या घरी आधी तो, मग अर्ध्या तासाच्या अंतराने, त्याच पिशवीसह, ती. दोघांच्या नोंदी मी ताडून पाहणार. पहिल्या घरी मी बाहेर ओसरीत थांबलो. दुसऱ्या घरी मी त्याच्याबरोबर आत गेलो.

ते घर एका निवृत्त शिक्षकांचे होते. सारी आळी त्यांना गुरुजी म्हणते. घर बौद्ध, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांचे कपाट. पाय अधू झाल्यामुळे गुरुजी दीड वर्ष पलंगावर होते, आणि मधुमेहासाठी सून त्यांना रोज सकाळी इन्सुलिनची सुई देत असे. आम्ही "जय भीम, गुरुजी" म्हटले. त्यांनी हात किंचित वर केला. सून म्हणाली, "आज चूपच हायेत बाबा. रोज पेपर वाचून दाखवा म्हणतात, आज नाई म्हटलं."

विद्यार्थ्याने पुढचे सारे माझ्या मनासारखे केले. हात धुऊन आला. रक्तदाब पाहिला. मग पलंगाजवळ स्टुलावर बसला, गुरुजींचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळे मिटले. ओठ हलले नाहीत. नियम त्याने पाळला होता. खोलीत शांतता होती. मी दाराशी उभा राहून ते पाहत होतो. अशा एका क्षणासाठी मी इतकी वर्षे शिकवीत होतो, असे मला वाटले. मी वही काढली आणि सेहेचाळिसाचे अठ्ठेचाळीस केले.

त्याने नोंदीत लिहिले: साखर एकशे बेचाळीस. रुग्ण शांत.

मग ती आली. उंबऱ्यावर चपला काढतानाच तिची नजर पलंगावर होती. ती माझ्याशी बोलली नाही. सरळ जाऊन तिने गुरुजींच्या कपाळावर हाताची मागची बाजू टेकवली, मग मानेवर.

"यायले इतका घाम काऊन येऊन राह्यला?"

"वयामुळे असेल, ताई," विद्यार्थी म्हणाला.

"अंग थंड हाये. वहिनी, सकाळी सुई दिली?"

"दिली ना, सात वाजता."

"अन् खाल्लं काय?"

सुनेने झाकून ठेवलेल्या बशीकडे पाहिले. "पोहे ठेवले होते. खाल्ले नाई बाबांनी. मी म्हटलं मंग खातीन."

सिस्टरांचा पहिला धडा हाच असतो: हात लावण्याआधी विचारा, काय खाल्ले. तो धडा विद्यार्थ्याला पाठ होता. त्याने तो विचारला नव्हता. मीही, दाराशी उभा असूनही, तो विचारला गेला नाही हे टिपले नव्हते. ज्याला मी शांतता समजलो होतो ती शुद्ध हरपण्याची सुरुवात होती. ज्याला वार्धक्याची थरथर समजलो होतो तीही.

पुढची पाच मिनिटे मला क्षणाक्षणाने आठवतात. तिचा आवाज चढला नाही. तो उलट खाली आला.

"वहिनी, अर्धा पेला पानी, त्यात तीन चमचे साखर. लौकर. गुरुजी, माह्याकडं पाहा. पाहता का? मले ओळखलं का?"

गुरुजींच्या पापण्या हलल्या. "पोट्टी," ते म्हणाले.

"हो, पोट्टीच. हा एक चमचा पानी गिळून दाखवा. गिळा. शाब्बास." तिने घशाकडे लक्ष ठेवले. उशाच्या तांब्यातले ते पाणी नीट खाली गेल्यावरच ती म्हणाली, "भाऊ, मागून टेका दे. अन् मशीन दे इकडं."

त्याने पिशवी दिली. तिने पट्ट्यांची डबी उघडली. तिच्यातून पाणी ओघळले आणि चादरीवर पडले.

आम्ही तिघांनीही ते पाहिले.

"हे कवा भिजलं?"

"सकाळी," तो म्हणाला. "पयल्या घरी. हात धुतानी बादलीत पडली."

"मंग एकशे बेचाळीस कुठून आले?"

बोट टोचताना त्याला मीही पाहिले नव्हते; तेव्हा मी वहीत गुण वाढवीत होतो. तिने दोन श्वास वाट पाहिली असेल. मग म्हणाली, "राहू दे. थे मंग पाहू. टेका सोडू नको, बस." सून साखरपाणी घेऊन आली होती. बाईने ते चमच्याने पाजायला सुरुवात केली. "वहिनी, तुमच्या डॉक्टरले फोन लावा. सांगा, सुई दिली, खाल्लं नाई, घाम अन् थरथर. हेच शब्द सांगजा." आणि मग, मान न वळवता, "सर, बसस्टँडजवळ औषधाचं दुकान हाये. याच मशीनच्या पट्ट्या. डबी न्या संगं. धावा."

मला जन्मात कोणत्याही विद्यार्थ्याने आज्ञा केली नव्हती. मी भिजलेली डबी घेतली आणि धावलो.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले आणि खुर्ची पुढे केली. "बसा काका, पयले पानी प्या."

"पट्ट्या," मी डबी दाखवून म्हणालो.

"देतो ना. तुमालेच झालं काय काही?"

"पट्ट्या."

परत येतानाही धावलो. गुडघ्यांनी नंतर आठवडाभर त्याचा निषेध केला. पण खरे सांगायचे तर त्या रस्त्यावर मला म्हातारपण जाणवले नाही. कुणाचे तरी प्राण एका लहान डबीवर अवलंबून आहेत आणि ती डबी माझ्या हातात आहे, एवढेच जाणवत होते. शिकवणाऱ्याच्या आयुष्यात असे क्वचित घडते. आम्ही सहसा डबी कशी न्यायची ते सांगतो.

तिने बोट टोचले. यंत्रावर आकडा आला: एकसष्ट. तोवर निम्मे साखरपाणी पोटात गेले होते. त्याआधी तो किती खाली गेला असेल, ते आता कळणार नव्हते. तिने उरलेले पाजले. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून म्हणाली, "आता पंधरा मिनिटं." आम्ही पंधरा मिनिटे बसलो. विद्यार्थी गुरुजींना पाठीमागून टेका देऊन होता. त्याचे हात आता घाबरत नव्हते. त्याचा चेहरा मात्र मला पाहवला नाही.

पुन्हा टोचले. चौऱ्याण्णव.

गुरुजींनी डोळे पूर्ण उघडले, सर्वांवर एक नजर फिरवली, जशी वर्गावर फिरवीत असतील, आणि माझ्या हातातल्या वहीवर थांबले. "हे कोन? तपासनीस का?"

"मिशनचे हायेत बाबा," सून म्हणाली. ती रडत होती आणि बशीत पोहे वाढीत होती.

"मिशनचे." गुरुजींनी थोडा विचार केला. "अन् मी बुद्धाचा मानूस. तुमच्या देवाले माहा पत्ता कोनं दिला?"

"देवानं नाई," बाई म्हणाली, "साखरेनं वापस आनलं. पोहे खा पयले, मंग भांडा."

डॉक्टरांनी फोनवर दर तासाला मोजायला सांगितले होते. दुपारी ते स्वतः मोटारसायकलवरून आले आणि सुईचे प्रमाण बदलून गेले. पण त्याआधी एक गोष्ट झाली. विद्यार्थी उठून सुनेसमोर उभा राहिला.

"वहिनी, मी मोजलंच नव्हतं. पट्ट्या भिजल्या होत्या. आकडा मनानं लिहिला. खाल्लं का, थेही नाई विचारलं."

सून हातातला पळा तसाच धरून उभी राहिली. "मानूस गेला असता तं?"

"हो," तो म्हणाला.  त्याने क्षमा मागितली नाही. बहुधा ती मागण्याचा आपल्याला अधिकार नाही असे त्याला वाटले असावे.

सुनेने चहा केला. मला दिला, बाईला दिला, डॉक्टरांसाठी झाकून ठेवला. मग पलंगावरून आवाज आला, "त्याले बी दे. खोटं लिहिनारे माह्या वर्गात लई होते. उठून सांगनारे दोनच भेटले, चाळीस वर्षांत." त्यालाही चहा मिळाला. कपाचा कान तुटलेला होता. तो मुद्दाम निवडला होता की नाही, ते मी ठरवू शकलो नाही.

परतीच्या बसला अवकाश होता. बसस्टँडवरच्या बाकावर आम्ही तिघे ओळीने बसलो. मी विद्यार्थ्याला विचारले, पट्ट्या भिजल्या तेव्हाच का सांगितले नाही. मला वाटले होते तो नोकरीचे, घरचे, भीतीचे काही सांगेल.

"सर, ओसरीत तुमच्या हातात वही होती," तो म्हणाला. "हाताचे गुण मले कमीच हायेत, मले माहीत हाये. शीलाचे तेवढे चांगले होते. निष्काळजी मानूस म्हणून थेही गेले असते."

म्हणजे शीलाचे गुण राखण्यासाठी तो खोटे बोलला होता. असे खोटे आमच्या केंद्राबाहेर कोणाला सुचणे शक्य नव्हते. ते मीच वर्षभर खतपाणी घालून वाढवले होते.

समोरून कापसाने भरलेला एक टेम्पो गेला. मी बाईकडे वळलो. तसे पाहता तिला विचारण्याचे मी ठरवले नव्हते, पण विचारले.

"रविवारचा गंज तू कधीच का घासला नाहीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. मग दोघांनाही हसू आवरेना. इतक्या गंभीर दिवशी दोन प्रौढ माणसे माझ्या डाव्या-उजव्या बाजूंना हसत होती आणि मी मध्ये बसलो होतो.

"सर, थो गंज परीक्षेचा हाये, हे मले पयल्याच दिवशी माहीत झालं," ती म्हणाली. "मागच्या वर्षीच्या पोरींनी जातानी सांगितलं. रविवारचा गंज घासजो, खिडकीकडं पाहू नको."

"सगळ्यांनाच ठाऊक आहे?"

"स्वयंपाकीन बाईलेही माहीत हाये. थे तं म्हणते, लागला नाई तं मी लावते, सरायची परीक्षा बुडाले नको."

मी मांडीवरची वही पालथी केली.

"म्हणून नाई घासला," ती पुढे म्हणाली. आता ती हसत नव्हती. "गुनासाठी घासला तं थे नाटक झालं. अन् गुन नको म्हणून घासला, असं तुमाले कसं सांगू? मंग म्हटलं, राहू द्या." थोडे थांबून तिने जोडले, "पन उपासनेले उशीर होते, थे माहंच चुकते. त्याले कारन नाई. झोप."

बस आली. चढताना ती म्हणाली, "सर, एक सांगू? याले एकटा नका पाठवू कुठं. माह्या संगं द्या."

"तुला जागा मिळणार आहे असे कोणी सांगितले?"

"नाई भेटली तं जिले भेटन तिच्या संगं द्या. पन एकटा नका सोडू. वापस घाबरला तं वापस लपवन."

तिला आपल्या गुणांची कल्पना होती. वही न पाहताही होती. जिनिंगवर परत जाण्याची तयारी ठेवून ती दुसऱ्याच्या नेमणुकीचा विचार करीत होती, आणि तो विचार भावनेचा नव्हता. रुग्णाच्या बाजूने केलेला, व्यवहाराचा होता. बसमध्ये मी डोळे मिटून बसलो होतो. त्यांना वाटले मला झोप लागली. मी इतका जागा बऱ्याच वर्षांत नव्हतो.

संध्याकाळी सिस्टर आणि मी समोरासमोर बसलो. मी त्यांना सर्व सांगितले, अठ्ठेचाळीस गुणांसकट. त्या एकदाही मध्ये बोलल्या नाहीत, आणि हे त्यांच्या बाबतीत विशेष आहे. मग मी वही उघडली, बाईच्या नावासमोरचा एकोणीस खोडला आणि पंचेचाळीस लिहायला पेन्सिल टेकवली. त्यांनी माझ्या मनगटावर बोट ठेवले.

"हे काय करून राह्यले?"

"दुरुस्ती."

"काल नाराज होते म्हणून एकोनीस, आज खूश हायेत म्हणून पंचेचाळीस. मंग वही कशाची हाये, सर? तिच्या शीलाची का तुमच्या मनाची?"

मी पेन्सिल खाली ठेवली. वादात त्या माझ्यापेक्षा प्रथमच पूर्णपणे सरस ठरल्या होत्या. आश्चर्य हे की मला त्याचा आनंद झाला. विचार करता करता मी खोलीत येरझारा घालू लागलो आणि त्या म्हणाल्या, बसा, गुडघे जातील.

नियमाप्रमाणे एकोणीस गुणांवर तिला जागा देता येत नव्हती. म्हणून आम्ही नियमच बदलला. शीलाचा रकाना काढून टाकला. त्याऐवजी प्रत्येकाविषयी आम्ही दोघांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या तीन गोष्टी लिहायच्या, सर्वांसमोर वाचायच्या, आणि ज्याच्याविषयी लिहिल्या त्याला उत्तर देण्याची मुभा ठेवायची. तिच्याविषयी मी लिहिले: आधी साखर दिली, दोष नंतर काढला. विचारल्यावर खरे सांगितले, स्वतःच्या झोपेविषयीही. आपली जागा धोक्यात असताना दुसऱ्याची काळजी केली. सिस्टर म्हणाल्या, यातली पहिली गोष्ट माझ्या विषयातली आहे. मी म्हणालो, माझ्या. ते अजून ठरलेले नाही.

देवळी तिला मिळाली. तो सहा महिने तिच्या हाताखाली राहील असे ठरले. नेमणुकीवर निघायला सगळ्यांना अजून दहा दिवस होते.

त्या रविवारी जेवणाच्या वेळी मी उभा राहून सांगितले की गंजाची परीक्षा बंद झाली आहे. कोणी आश्चर्य दाखवले नाही. परिणाम असा झाला की गंज मंगळवारपर्यंत नळाशी तसाच पडून राहिला आणि त्यावर माश्या बसू लागल्या. सिस्टर त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आता पाहा, खरा निकाल." बुधवारी मी गंजाचीही पाळी लावली. पहिले नाव माझे घातले. जळालेला भात राखेने निघत नाही, आधी भिजत घालावा लागतो, ही माहिती मला एकाहत्तराव्या वर्षी मिळाली.

महिन्याभराने मी देवळीला गेलो. वही नेली नाही. केंद्राच्या दोन्ही खोल्या झाडलेल्या होत्या आणि रिकाम्या होत्या. दोघेही घरभेटींवर गेले होते. टेबलावर नोंदवही उघडी होती. ती उघडीच ठेवायची, असे तिने दाराशी पाटीवर लिहिले होते. त्या दिवशीच्या पानावर त्याचे बारीक अक्षर होते:

"सकाळी आठ. गुरुजींची साखर मोजता आली नाही. पट्टी उलटी लावली, दोन वाया गेल्या. वहिनींना सांगितले. ताईंना फोन केला. साडेआठला पुन्हा मोजली, एकशे अठ्ठावीस. पोहे खाल्ले, मी पाहिले."

त्याखाली तिच्या मोठ्या अक्षरात एकच ओळ होती:

"मी आज वीस मिनिटं उशिरा आली. कारण नाही."

मी ते पान दोनदा वाचले. दोघांची वाट पाहायला हवी होती. पण मला सिस्टरांना सांगायची घाई झाली होती, आणि फोनवर सांगण्यासारखे ते नव्हते. परतीच्या बसला बराच वेळ होता. तरीही बसस्टँडपर्यंत मी झपाझप चालत गेलो. धावलो नाही. ओट्यावर तीच बाई बसली होती. ती म्हणाली, "काका, आज हळू हळू?"

मी मान हलवली आणि पुढे गेलो.